नजर ताटात

आत्या जेवणाऱ्याच्या ताटाकडे कधी बघत नसे, ती त्याच्या डोळ्यांकडे बघत असे. वाढून झालं की भिंतीला टेकून, एक पाय दुमडून बसायची आणि समोरच्याचा घास तोंडात गेला की त्याचे डोळे न्याहाळायची. "कसं झालंय?" असं तिनं कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. जिभेवर विश्वास ठेवू नये, माणूस भिडेपोटी चांगलं म्हणतो, असं तिचं म्हणणं. तिचं एकच वाक्य होतं, आम्हा सगळ्या भावंडांना पाठ झालेलं: "जेवताना मानसाची नजर ताटान पायजे. दुसरीकडं गेली का समज, जेवनात नायतर मानसात काय तरी बिघडलाय."

मी तिच्याच हातचं जेवून वाढलो. आई-बाबा शेतावर असायचे आणि आत्या, बाबांची धाकटी बहीण, लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा होऊन परत आलेली, जूचंद्र या आमच्या गावातलं घर सांभाळायची. पुढे त्या घरात दोन भावांचे संसार मावेनात म्हणून मी वसईत भाड्यानं राहायला आलो. आत्या थोरल्या भावाकडे राहिली. माझ्या बायकोचा पाय घसरून घोटा मोडला आणि प्लास्टर चढलं, तेव्हा मी कुणालाही न विचारता आधी आत्याला आणायला गेलो. ती पिशवी घेऊन तयारच बसली होती.

एक गोष्ट मात्र मी तिला रिक्षातच सांगितली. आमच्या घरमालकीणबाई वरच्याच मजल्यावर राहतात, एकट्या. त्यांना आम्ही काकी म्हणतो. त्या शुद्ध शाकाहारी, देवधर्माच्या, आणि घर देताना त्यांनी एकच अट घातली होती की घरात मासे-मटण शिजणार नाही. करार संपत आला होता. त्या भाड्यात, मुलीच्या कॉलेजजवळ आणि बायकोला जिना चढावा न लागणाऱ्या तळमजल्यावर दुसरं घर मिळणार नव्हतं, हे मी शोधून बघितलं होतं. "आत्या, एवढं सांभाळ," मी म्हटलं. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "म्हावऱ्याशिवाय मेलं नाय कोन." पण तिच्या पिशवीत सुकटीची पुडी होती. बारीक कोळंबीसारखा तो वाळवलेला जवळा तिच्यासाठी मिठासारखा होता, मासे म्हणून ती सुकट कधी मोजतच नसे.

रामेन हे जपानी सूप आमच्या घरात आणलं माझ्या मुलीनं. पूर्वा मैत्रिणींबरोबर मुंबईत कुठंसं ते खाऊन आली आणि आठवडाभर त्याच्याबद्दल बोलत राहिली. एका वाडग्याची किंमत ऐकून बायको म्हणाली, तेवढ्यात आपल्याकडे पापलेट आलं असतं, जर आपल्याकडे पापलेट येत असतं तर. मग पूर्वानं आत्याला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. एक जपानी माणूस सुके मासे पाण्यात उकळत होता, ते पाणी गाळून त्यात शेवया घालत होता, वर अंडं आणि पातीचा कांदा. आत्यानं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "हा तर सुक्या म्हावऱ्याचाच पानी की," ती म्हणाली. "एवढ्याशा कामाला एवढा पैसा घेतात?"

पहिलं रामेन वाईट झालं. आत्यानं सुकट तशीच पातेल्यात टाकून उकळली, त्यात सवयीनं चिंच आणि आगरी मसाला घातला, आणि त्यातच दुकानातल्या पाकिटाच्या नूडल्स सोडल्या. पूर्वा हसून म्हणाली की ही सुकटीची आमटी आहे, तिच्यात केस पडलेत. आत्याही हसली. मी हसलो नाही. जिन्यापर्यंत वास गेला होता. मी खिडक्या उघडल्या, मग वास वर जाईल म्हणून बंद केल्या, उदबत्त्या लावल्या, आणि आत्याला नको तितक्या चढ्या आवाजात बोललो. तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. त्या दिवशी जेवताना मी दाराकडे बघत होतो आणि ती माझ्या डोळ्यांकडे.

हार मानणं तिला ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी ती जूचंद्रला गेली, परसातल्या चुलीवर सुकट खरपूस भाजून आणली. भाजलेली सुकट, सुकी मिरची आणि लसूण वाटून तिनं जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यांत लहान लहान पुरचुंड्या बांधल्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरल्या. आता काम सोपं झालं. पाण्याला आधण आलं की पुरचुंडी सोडायची, पाणी तांबूस झालं की दोऱ्यानं उचलून पिळायची. त्यात पाकिटातल्या नूडल्स घालायच्या, पण पाकिटातला मसाला नाही. वर अर्धं उकडलेलं अंडं, कांद्याची पात, आणि तिळाबरोबर तडतडवलेल्या तेलाचा एक चमचा. चहाला लागतो त्याहून फार वेळ नाही. बायको प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून वाडगं तोंडाला लावायची. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवत होती.

वासही नावापुरता येई. तरी मी ऑफिसातून येताना फाटकातच थांबून हुंगायचो. घरात शिरलो की आधी खिडक्या, मग कचऱ्याचा डबा, मग सिंक. पिळलेल्या पुरचुंड्या मी वर्तमानपत्रात गुंडाळून दूरच्या कचराकुंडीत टाकायला जायचो. घरातल्यांना नको म्हणण्याचं धाडस माझ्यात नव्हतं, कारण मलाही ते रामेन आवडायला लागलं होतं. आणि काकींना सांगून टाकण्याचंही नव्हतं. करार पुन्हा करायला अगदी थोडे दिवस उरले होते.

आत्याचा दुसरा नियम भांड्याचा. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत जायचं नाही. बायकोचा पाय मोडल्याचं कळल्यापासून काकी अधूनमधून एका लहान टोपात कढी नाहीतर खिचडी पाठवायच्या. मी आत्याला बजावलं होतं की त्यात साखर घाल, नाहीतर जवळच्या निर्मळ गावची केळी ठेव, आपलं शिजवलेलं काही नको. तिला ते मनापासून पटलं नव्हतं. "वानी असल्यासारखी साखर काय देत्यात? हातचा कायतरी द्यावा," असं ती पुटपुटायची.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तर सिंकमध्ये पिळलेली पुरचुंडी पडली होती आणि फ्रिजवरचा काकींचा टोप जागेवर नव्हता. आत्या कुठे, मी विचारलं. पूर्वा सहज म्हणाली, वर गेलीय, काकींना रामेन द्यायला.

मी चपलाही न घालता जिना चढलो. दार उघडंच होतं. काकी टेबलाशी बसल्या होत्या, समोर वाफाळतं वाडगं, हातात चमचा. आत्या समोर जमिनीवर, एक पाय दुमडून, त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. मी दारातूनच ओरडलो, "काकी, खाऊ नका. त्यात सुकट आहे."

काकींचा हात तसाच राहिला. त्यांच्या ओठाला तीळ लागलेला होता. म्हणजे त्यांनी खाल्लं होतं.

आत्या उठली नाही. माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, "ह्याच्यात नाय रं. शेवग्याच्या शेंगांच्या पान्यात केलाय, कांदा नाय का लसून नाय, अंडा पन नाय. त्यांच्याच टोपान शिजवला, टोपाबरुबर आलेल्या त्यांच्याच चमच्यानं ढवलला. आपला भांडा लागू दिला नाय मी."

काकींनी चमचा खाली ठेवला. त्या माझ्याकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ह्याच्यात नाही. मग कशात असते, भाऊ?"

मी उत्तर देऊ शकलो असतो. घर माझ्या नावावर भाड्यानं घेतलेलं होतं, शब्द मी दिलेला होता, रोज ते वाडगं मी पुसून खात होतो. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. आत्यानं मला पुरेसा वेळ दिला, हे मला नंतर कळलं. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"याला नाय म्हाईत," ती काकींना म्हणाली. "हा ऑफिसान, सून पाय धरून पडलेली. मीच करतंय, चोरून. म्हातारीची जीभ, सुटत नाय. उद्या जातंय मी माझ्या घरी. यांच्यावर राग नको."

मी तिच्यामागून निघालो. जिना उतरताना ती माझ्या पुढे होती, एकेक पायरी, कठडा धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला रिक्षात बसवलं. ती जराही रागावलेली नव्हती, आणि तेच मला सहन होत नव्हतं. पुरचुंड्यांचा डबा तिनं कपाटात मागे ठेवला होता आणि पूर्वाला सांगितलं होतं की बाबाला विचारल्याशिवाय काढू नको. करार झाला. काकींनी सही करताना त्या दिवसाचं नावही काढलं नाही.

दिवाळी उलटल्यावर काकी आपणहून खाली आल्या. बायको आता काठीशिवाय चालत होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आजी कधी येणार? ते शेंगांवालं मला पुन्हा पाहिजे होतं." मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगितलं, की मला माहीत होतं, मी खात होतो, आत्या माझ्यासाठी खोटं बोलली. काकींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "भाऊ, वास वर जातो. मला पहिल्या दिवसापासून येत होता. घरात आजारी बाई आहे, म्हातारं माणूस रांधतं, मी खिडकी लावून घ्यायची. तुम्ही दारात येऊन बोललात, मग मला विचारावं लागलं." जाताना दारात थांबून म्हणाल्या, "करा. पण मला सांगू नका."

त्याच रविवारी मी जूचंद्रला गेलो. आत्या परसात चुलीपाशी बसली होती. मी तिला म्हटलं, चल, काकींना सगळं आधीपासून माहीत होतं, आता कशाची भीती नाही.

"मना ठाव होता," ती म्हणाली. "जिन्यान गाठ पडली तवा एकदा बोलल्या मना, आजी, जरा खिडकी लावून करत जा."

 मग तू निघून का आलीस, मी विचारलं.

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "त्या बाईला मी कवा भ्यालू? तू भीत व्हतास. रोज घास घ्यायचास नि दाराकडं बघायचास. माझ्या हातचा जेवताना माझा पोर भितोय, ता मना बघवला नाय." मग माझ्यापुढे वाडगं ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. मी सबंध वाडगं मान वर न करता संपवलं. तिनं रिकामं वाडगं उचललं. परत मात्र आली नाही.

होळीनंतर ती गेली. फार दुखणं काढलं नाही तिनं.

आता पूर्वा पुरचुंड्या बांधते, आत्याच्याच लुगड्याच्या कापडात. थोडं शेंगांचं वेगळं शिजतं, काकींच्या टोपात, आणि वर जातं. कुणाला भ्यायचं कारण उरलेलं नाही. मी जेवायला दाराकडे पाठ करून बसतो आणि नजर वाडग्यात ठेवतो. कान मात्र अजून जिन्याकडे असतात, आणि समोरच्या भिंतीपाशी बसून ते ओळखणारं आता कुणी नाही.