साडूभाऊंची चंबळेतली मंडळी

आमच्या साडूइतका कासवांत अडकलेला माणूस आमच्या उभ्या लश्कर शहरात झाला नसेल, आणि त्याच्याइतका हेवा मी आयुष्यात कुणाचा केला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. आम्ही दोघेही सचिवालयात कारकून. रविवारी मी सासऱ्यांकडे बाड्यावरच्या बाजारातली मिठाई घेऊन जाई आणि हा चंबळेवरून चपलांत वाळू घेऊन येई. सासरे जुने दरबारी गृहस्थ, माझ्याशी चार शब्द बोलले तर पुष्कळ. पण मिठाई बाजूला सारून ते त्याला विचारत, "काय म्हणतात मंडळी?" मंडळी म्हणजे कासवं. मग तो सांगत बसे: मादी परातीएवढी, नर तिच्या निम्मा, विणीच्या दिवसांत त्या बिचाऱ्याचं डोकं लालभडक होतं, मानेवर पिवळे पट्टे उमटतात. "एवढा नटतो, पण ती ढुंकून बघत नाही," असं म्हणून तो माझ्या लाल मफलरकडे पाही. माझी बायकोसुद्धा हसे. मग तोच मला म्हणे, "साडूभाऊ, बुरा मत मानना, निसर्गच तसा आहे."

चैत्रात मादी वाळूत अंडी घाली. कोल्ह्यांनी उकरू नयेत म्हणून हा त्यांवर बाभळीचे काटे रचायला जाई. एकदा त्यासाठी त्याने 'घरी बाळंतपण' म्हणून रजा घेतली. साहेबांनी पेढे मागितले, तर म्हणाला, "वीसेक आहेत साहेब, पण अजून अंड्यातच."

पुढे नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि अर्ध्या कचेरीची बदली निघाली. लिहायला लाज वाटते, पण त्याचीच बदली व्हावी म्हणून मी देवापुढे हात जोडले होते. तो गेला, मी राहिलो. स्टेशनवर म्हणाला, "तिथं तलाव मोठा आहे म्हणे. पण आपल्या मंडळींना वाहतं पाणी लागतं."

सासऱ्यांचे सगळे रविवार आता माझे झाले. आम्ही समोरासमोर बसून घड्याळ ऐकत असू. शेवटी एकदा ते चाचरत म्हणाले, "तुम्ही जरा बघून याल का?"

"काय?"

"मंडळी."

अंगाची लाही झाली, तरी गेलो. दुपारच्या उन्हात वाळूच्या पट्ट्यावर एक प्रचंड मादी पसरली होती. तिच्याशेजारी पाण्यातून एक लाल डोकं हळूच वर आलं आणि त्याने मान लांबवली. मी पाहत राहिलो. मग हे कुणाला तरी दाखवावं म्हणून वळलो, तेव्हा कळलं की मला तिथं हवा असलेला माणूस जगात एकच होता, आणि तो भोपाळात कुठल्याशा नव्या कचेरीत फायली लावत बसला होता.