फेस बसेना

मोरीत पांढरा फेस बघितला आणि मी आधी मुलीवर ओरडले. भांड्यांची पावडर अशी सांडतात का गं? ती आठवीत आहे, उत्तर कायम तयार. पांघरुणातूनच म्हणाली, "आई, मी अजून उठलेच नाहीये." खरंच की! मग मोरीत गेलं होतं कोण? हे. सकाळच्या पाळीला जायच्या घाईत आमचे हे चाळीच्या टोकाच्या संडासापर्यंत जात नाहीत. लघवी मोरीतच उरकतात आणि पाणी टाकायला हमखास विसरतात. मी तांब्याभर पाणी ओतलं. फेस फिरला, कडेला गेला आणि तिथेच राहिला. आणखी ओतलं तरी बुडबुडे होतेच. मी पुटपुटत खराट्याने घासून काढलं आणि डब्यांच्या कामाला लागले.

आम्ही धुळ्याकडचे. सिल्वासाला आलो तेव्हा मुलगी पाळण्यात होती. हे राखोलीच्या रस्त्यावर धाग्याच्या कारखान्यात मशीन चालवतात आणि मी एकट्या राहणाऱ्या कामगारांचे डबे करते. आपल्याच खानदेशातली पोरं सगळी. कळण्याची भाकरी, शेवभाजी, मिरचीचा ठेचा मिळाला की आईची आठवण काढत जेवतात. दिवसभर माझा हात पिठात असतो. आणि माझ्याच घरात माझ्याच नवऱ्याने एक दिवस ताट मागे सारलं, म्हणाले, "आजपासून भाकरी बंद. भातही नको." माझं तर डोकंच फिरलं.

कारण मात्र साधं नव्हतं. दवाखान्यात त्यांची शुगर वाढलेली निघाली होती, प्रेशरही होतं. सासऱ्यांचा पाय शुगरनेच कापावा लागला होता, ते यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. घाबरले. डॉक्टरने गोळी दिली, पुन्हा दाखवायला सांगितलं, ते यांनी मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं ते खात्यातल्या सुपरवायझरचं. तो तरणाबांड, जिममध्ये जाणारा. म्हणाला, पीठ आणि साखर सोडा, नुसतं प्रोटीन खा, शुगर पळून जाईल. झालं! सकाळी अंडी, दुपारी चिकन, संध्याकाळी पनीर, आणि वरून डब्यातली पावडर दुधात घुसळून. भाकर का सोडली म्हणून सासूबाई फोनवर अहिराणीत विचारायच्या, "तू भाकर काबर नही खास?" हे हसून फोन माझ्याकडे द्यायचे.

आणि खोटं कशाला बोलू, शुगर उतरली. पोट गेलं, पँटी ढिल्या झाल्या. घरमालकीण बेन गुजरातीत कौतुक करायची, "भाई तो एकदम सरस थई गया!" हे आरशासमोर शर्ट आत खोचून उभे राहायचे. लग्नातसुद्धा एवढे सजले नव्हते हो. मलाही बरं वाटायचं. पण जवळ बसले की तोंडाला सडक्या फळासारखा वास यायचा. लघवी चहासारखी दिसायला लागली आणि तिचा दर्प मोरीतून चुलीपर्यंत यायचा. मी म्हटलं, "अहो, पाणी तरी प्या." तर म्हणे, "पाणी प्यायलो की जावं लागतं. मशीन सोडून गेलो आणि मागे धागा तुटला तर तू जोडायला येशील का?" त्या खात्यात हीटरची धग असते, घामाने माणूस निथळतो, आणि हे पाळी संपेपर्यंत दोन घोटांवर काढायचे. सुपरवायझरचं बघून व्यायामही सुरू केला होता, त्याने अंग दुखलं की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून खायची, तीही रोज.

फेस रोज दिसायला लागला. शेजारणीने सांगितलं, लघवीत फेस बसत नसेल तर किडनी बघून घ्या. मी यांच्या मागे लागले. हे खेकसले, "पावडरचा फेस आहे तो. प्रोटीन जास्त झालं की बाहेर पडतं. एवढंही कळत नाही?" मी म्हटलं, "बाहेर पडतंय तर खाता कशाला?" हे बाहेर जाऊन चपला पुसत बसले.

तेवढ्यात कारखान्यात यांना शिफ्ट इन्चार्ज करायचं ठरलं. त्यासाठी मेडिकल होतं, म्हणजे लघवीची बाटली तपासायला द्यायची. आता तिथली एक जुनी रीत सांगते. आमच्या सिल्वासात दारूला बंदी नाही, गुजरातेतून माणसं प्यायला येतात, मग इथले कामगार कोरडे कसे राहतील? मेडिकल आलं की प्यायलेले लोक न पिणाऱ्याकडून बाटली भरून घेतात. तंबाखूला चुना मागावा इतक्या सहज मागतात, कोणाला लाज नाही. आमचे हे थेंबभर घेत नाहीत. त्यामुळे इतकी वर्षं सगळं खातं यांच्याकडेच बाटल्या घेऊन यायचं, आणि हे भरून द्यायचे. घरी येऊन ऐटीत सांगायचे, "आज माझ्या लघवीवर अर्धं खातं पास झालं." आम्ही मायलेकी पोट धरून हसायचो.

त्या सकाळी त्यांनी रिकामी बाटली माझ्यापुढे धरली. डोळे दुसरीकडे. "तू भरून दे."

मी पीठ मळत होते. हात तसाच राहिला. मला एकदम कळलं की फेस यांनाही दिसतोय. रोज दिसतोय. पावडर-बिवडर सगळं मला सांगायला होतं. हा माणूस आतून घाबरून गेला होता, आणि घाबरलाय हे त्याला ना मला सांगता येत होतं ना डॉक्टरला. मी तोंड सोडलं, काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी हे म्हणाले, "इन्चार्ज झालो की बसून काम आहे. मग नीट दाखवतो. देवाशपथ." आणि मी बाटली घेतली. दुसरं काय करणार होते?

कागद आला, सगळं नॉर्मल. हे इन्चार्ज झाले, चाळीत पेढे वाटले. स्वतः मात्र पेढा खाल्ला नाही. आणि मग तर कहरच झाला. मी फेसाचं नाव काढलं की हे कपाटातून तो कागद काढायचे. "हे बघ, प्रोटीन नाही, साखर नाही. कारखान्याच्या डॉक्टरची सही आहे." अहो, पण ती लघवी माझी! मी कपाळावर हात मारून घ्यायचे. आधी आधी ओरडले, मग रडले, मग जेवण बंद करून बघितलं. काही उपयोग नाही. हळूहळू त्यांना खरंच वाटायला लागलं की तो कागद त्यांचाच आहे. मी समोर बसून बघत होते आणि माझ्या हातात काही नव्हतं.

एका रविवारी मुलीच्या हट्टाने दुधनीला गेलो, धरणाच्या पाण्यात बोटीत बसायला. काठावर तळलेले मासे घेतले. यांनी नुसते मासे खाल्ले, आणि बोटीपासून वरच्या रस्त्यापर्यंत चढताना दोनदा बसले. बूट काढले तर पायमोज्याची कड घोट्यात रुतलेली. मुलीने बोट दाबून बघितलं, खड्डा पडला आणि तसाच राहिला. "पप्पा, हे काय?" हे म्हणाले, "बूट नवीन आहेत." बूट दिवाळीपासून तेच होते. सोमवारी उठले तर डोळ्यांच्या पापण्या फुगलेल्या. मी त्या दिवशी डबे बंद ठेवले. पोरांना सांगितलं, आज बाहेर खा रे बाबांनो. यांचा हात धरला आणि सरळ मोठ्या दवाखान्यात नेलं. यांनी जाताना तो कागद खिशात घातलाच.

रक्त दिलं, दुपारी बोलावलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, शांत. रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणाल्या, किडनीवर ताण दिसतोय, बराच. मग यांनी पुढे केलेला कागद त्यांनी वाचला आणि भुवया उंचावल्या. "तेव्हा तर लघवी एकदम स्वच्छ आहे. मग इतक्या थोड्या काळात असं काय झालं?" त्यांनी विचारायला सुरुवात केली, ताप आला होता का, काही झाडपाला घेतला का. हे मान हलवत बसले. टेबलाखाली यांनी माझं मनगट आवळून धरलं होतं. नोकरी जाईल, हे मला कळत होतं. पण जीव कोणाचा जाणार होता?

"मॅडम, ती लघवी माझी आहे," मी म्हटलं.

मनगट सुटलं. बाई रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागद घडी करून माझ्याकडे दिला. म्हणाल्या, "म्हणजे हे केव्हापासून चालू आहे ते आपल्याला माहीतच नाही." मी पावडर, पाणी, दुखण्याच्या गोळ्या सगळं सांगून टाकलं, तेव्हा त्यांनी समजावलं. प्रोटीन खाऊन प्रत्येकाची किडनी बिघडते असं नाही. पण ज्याला शुगर आहे, प्रेशर आहे, त्याच्या किडनीतून प्रोटीन आधीच गळत असू शकतं, फेस त्याचाच. त्याने तपासल्याशिवाय हा आहार करायचा नसतो, वर पाणी कमी आणि दुखण्याच्या गोळ्या तर अजिबात नाही. हे हळूच म्हणाले, "पण शुगर उतरली होती ना." एवढंच बोलले. बाई म्हणाल्या, "जे गेलं ते परत आणता येत नाही बहुतेक वेळा. उरलंय किती, ते बघू. आता लघवी द्या. तुमची."

लॅबच्या खिडकीतून बाटली मिळाली. हे शेजारच्या दोन संडासांपैकी एकात गेले. बाहेर बाकावर बायका बसलेल्या, मी दारापाशी उभी. वेळ गेला. माझ्या मागून आलेली दोन माणसं देऊनही गेली. मी दार वाजवलं, "अहो?" कडी निघाली. दारात हे उभे, हातात कोरडी बाटली, आणि डोळ्यांत पाणी. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघत होते.

"येत नाही गं," म्हणाले. आणि बाटली माझ्यापुढे धरली. "या वेळी पण तूच दे ना."

काय सांगू, मला क्षणभर वाटलं, द्यावी. माझ्या लघवीने हा माणूस बरा होणार असता तर मी बादल्या भरून दिल्या असत्या. मी त्यांचा चेहरा माझ्या पदराने पुसला. पिशवीतली पाण्याची बाटली त्यांच्या तोंडाला लावली, सगळी संपेपर्यंत धरली. मग ती कोरडी बाटली त्यांच्याच मुठीत दाबली, त्यांना आत वळवलं आणि दार लोटून घेतलं.

आत काही आवाज येईना. बाकावरच्या बायका बघत होत्या, बघू देत. मी दाराला तोंड लावलं आणि मुलगी लहान असताना तिला मोरीत बसवून करायचे तसं हळूच करायला लागले, "शूऽऽ... शूऽऽ..."