जबड्यातला गुडघा

दवनीवाड्याच्या रस्त्यावर ऑस्टिओपॅथीची, म्हणजे हाडं-सांधे हातानं दाबून बरं करण्याची, पाटी लावून बसलेल्या या गृहस्थांना दुखतं तिथं हात लावायचा फार कंटाळा. माझा गुडघा वर्षभर दुखतोय. त्यांनी माझा जबडा दाबला.

"एकाच बाजूनं चावून राहिले ना जी? दोन्हीकडून चावत जा."

शेजाऱ्याच्या कंबरदुखीचं कारण त्यांना पायाच्या अंगठ्यात सापडलं. कारण दुखण्यापासून जितकं लांब, तितका त्यांचा चेहरा खुलतो.

गेल्या महिन्यात बायकोला घेऊन गेलो. तिचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. वयामुळे, असं माझं निदान होतं. आता हे तिची टाच धरणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी खांद्यावरच बोटं ठेवली आणि लगेच उचलली.

"वहिनी, कुठं पडल्या होत्या का?"

"नाही जी."

"खोटं कायले बोलून राहिल्या? हा खांदा मी दाबत नाही. आधी एक्स-रे काढा."

बायकोनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि धानाच्या बांधावरून घसरल्याचं त्यांना सांगितलं. एक्स-रेत हाडाला चीर निघाली.

माझा गुडघा अजून दुखतो. तरी जेवताना मी दोन्ही बाजूंनी चावतो.