मामाकडं मुक्कामाला आलेले आवाज

मामाच्या गावात माणूस मेला की शरीर तेवढं जायचं. आवाज माझ्या मामाकडं मुक्कामाला यायचा. झरीच्या पलीकडच्या त्या गावात मामाइतका बोलका प्राणी दुसरा नसेल, पण स्वतःच्या आवाजात तो क्वचितच बोले. चहा मागायचा तो वारलेल्या शिंप्याच्या घोगऱ्या आवाजात. भर दुपारी सामसूम गल्लीत मागून "काय पाव्हणं, कवा आलाव?" असं ऐकू आलं, की हा माणूस जिवंत आहे का, हे मी आधी आठवून बघायचो आणि मगच वळायचो.

नकला करणारे पुष्कळ पाहिले, पण हे प्रकरण वेगळं. शेजारचा म्हातारा गेला आणि त्याची म्हैस पान्हावेना, तेव्हा म्हातारीनं मामालाच बोलावलं. मामा गोठ्यात शिरला, म्हाताऱ्यासारखा खाकरला आणि म्हणाला, "उभी ऱ्हाय माय, उभी ऱ्हाय." म्हशीनं कान हलवले आणि पान्हा सोडला. म्हातारी दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी होती. मामा निघाला तशी हळूच म्हणाली, "जायलाव का? च्या तर घ्या." हे ती मामाला म्हणाली की नवऱ्याला, कोण जाणे.

फक्त मामीचा आवाज त्याच्याकडं नव्हता. ती जाऊन वर्ष झालं होतं. माझी मामेबहीण मानवतहून आली की विनवायची, "आबा, समद्या गावाचं बोलताव, आईचं एकडाव बोला की. मला तिचा आवाजच आठवंना झालाय." मामा खाली मान घालून जमीन उकरत बसायचा. मला त्याचा रागही यायचा आणि कीवही.

यंदा मराठी भाषा गौरव दिनाला शाळेनं मामाला 'आपली बोली' या विषयावर बोलायला बोलावलं. पोरं भाषणं पाठ करून आली होती, सरांनी शाल आणली होती. मामा माईकसमोर उभा राहिला. "बोली म्हंजे माणसं," तो म्हणाला. "गेलेली बी." मग एकेक जण यायला लागला. शिंपी आला, सुईण आली, जुना पोस्टमन आला. कर्ण्यातून ते आवाज शिवारात गेले आणि ज्वारी काढणाऱ्या बायका काम टाकून उभ्या राहिल्या. त्यानं कुणाच्या तरी बापाच्या आवाजात हाक मारली, तर मागचा एक साठीचा गृहस्थ "जी" म्हणत उठलाच.

पुढं बसलेल्या मामेबहिणीनं हात जोडले. मामानं ते पाहिलं, डोळे मिटले, तोंड उघडलं. काहीच आलं नाही. कर्ण्यातून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. "तिचं मी कवा नीट ऐकलंच न्हाई," तो शेवटी म्हणाला. त्याचा स्वतःचा हा आवाज गावाला जवळजवळ अनोळखी होता.

बहिणीला ते बघवेना. ती तरातरा वर गेली, त्याचा दंड धरला. "बास झालं आता. चला घरी. भाकर गार व्हायलीय."

माईक चालूच होता. ते शब्द कर्ण्यातून गावभर गेले आणि मैदानातल्या बायकांनी चमकून वर पाहिलं. तोच हेल, तोच वैताग. मामीच बोलली होती. बहीण स्वतःच दचकून कर्ण्याकडं बघत राहिली.

"आलो, आलो," म्हणत मामा घाईघाईनं चप्पल शोधायला लागला. शाल तिथंच राहिली.

मी दोघांच्या मागोमाग घरी निघालो. मामा उगीच रस्त्यात थांबत होता, आणि बहीण गरज नसतानाही त्याला पुन्हा पुन्हा रागावून हाक मारत होती.