गाडीचे खूर

बायको पायी आणि नवरा गाडीत, हे दृश्य कापड्याच्या रस्त्याला रोजचं होतं. येसाजी वरच्या वाडीतून सुमो भरून पोलादपूरला निघायचा, आणि त्याच रस्त्याच्या कडेने त्याची साळूबाई डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला चाललेली असायची. गाडी जवळ आली की ती कडेच्या गवतात उभी राहायची, पदर नाकाला लावायची आणि धूळ बसली की पुन्हा चालू लागायची. येसाजी हॉर्न वाजवायचा, ती मान हलवायची. नवराबायकोचं रस्त्यावरचं बोलणं तेवढंच.

गाडीतली माणसं मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. त्यातही राहीबाई. ही वाडीतलीच, तोंडाने फटकळ, आणि एकदा का मधल्या सीटवर बसली की पोलादपूर येईपर्यंत तिला दम नसायचा.

"येसाजी, तुझी बायको का रं बसत नाय?" ती विचारायची. "घरच्या माणसाला आतलं ठाव असतं. गाडीत काय तरी खोट असल."

"खोट कसली? तिला चालायची हौस हाय," येसाजी म्हणायचा.

"मंग आधी तिला बसव नि मंग आमाला हाका मार."

गाडी हसायची. येसाजीही हसायचा, कारण हसणं हा त्याचा स्वभाव होता. पण चढणीवर गिअर टाकताना ते बोलणं त्याला कुसळासारखं टोचत राहायचं. अख्खी पंचक्रोशी आपल्या भरवशावर घाट उतरते आणि घरची एक बाई तेवढी बसत नाही, हे त्याला लागायचं.

येसाजी जन्माने गुराखी. वयाची पहिली वीस-पंचवीस वर्षं त्याने गुरांच्या मागे डोंगरात काढली. मग महाडच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका साहेबाची गाडी पुसायला म्हणून लागला, पुसता पुसता चालवायला शिकला, आणि पुढे दोन हजार तीन साली महाडमधूनच ही जुनी पांढरी सुमो घेऊन वाडीत परतला. पण गुरं काही अंगातून गेली नाहीत. अवघड वळण आलं की त्याच्या तोंडून "हळूऽऽ, हळू माझ्या राजा" असं निघायचं आणि चढ संपला की तो स्टिअरिंगवर थाप मारायचा. नवखा प्रवासी दचकायचा. वाडीतल्यांना त्यात काही वेगळं वाटत नसे, कारण गुरांशी बोलायची त्यांचीही तीच रीत होती.

साळूबाईच्या न बसण्याला कारण होतं. लग्नाला वर्षच झालं होतं तेव्हा ती कुणाच्या तरी जीपमधून पोलादपूरहून माहेरी चालली होती. चिंचेच्या चढणीवर जीप थांबली आणि थांबल्या जागी न राहता मागे निघाली. ड्रायव्हर ब्रेकवर उभा राहिला तरी ती मागेच. शेवटी एका ऐनाच्या झाडाला टेकून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, सगळे उतरून हसले, विड्या पेटल्या. साळूबाई हसली नाही. ती तिथून घरी चालत आली आणि त्यानंतर रबराच्या चाकावर बसली नाही, एसटीतसुद्धा नाही. माहेर तिचं उमरठला. तिथेही ती डोंगराच्या वाटेने पायीच जायची.

एका वर्षी दसऱ्याला येसाजीने गाडी धुतली, झेंडूची माळ घातली. साळूबाई ताट घेऊन आली. गाडीत बसत नसली तरी पूजेला तिची ना नव्हती. बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, आणि मग ती चाकाला कुंकू लावायला खाली वाकली. वाकली ती वाकलीच राहिली.

"अवो, हितं या जरा."

येसाजी आला. चाकावरच्या पत्र्याच्या कमानीच्या आत तिने बोट दाखवलं. पावसाळाभराचा चिखल तिथे थापून बसला होता, आणि त्या चिखलात भाताची चार-पाच रोपं हिरवीगार उभी होती. पोत्यातून सांडलेला दाणा रुजला असणार.

"खाचरं कमी पडली म्हनून हितं लावनी केलीत का?"

येसाजीला हसू आवरेना. पण साळूबाई गंभीर होती. तिने चिखलाचा खपला ओढला, तर त्याच्याबरोबर गंजलेल्या पत्र्याचाही टवका आला. आत चाकामागे जे काही लोखंड होतं ते सगळं मातीत माखलेलं, तांबूस, ओळखू न येणारं.

"माझा बा बैल घेताना आधी काय बघायचा? खूर. शिंगं काय, कुनी पन रंगवतो. ज्याचं खूर बघवत नाय त्यो बैल आमच्या दावनीला आला नाय." ती उठली, पदराला हात पुसले. "तुमी वरनं धुतलीत. ज्याच्यावर उभी ऱ्हाते ते कवा धुनार?"

एवढं बोलून ती शेण काढायला गेली. येसाजी तिथेच उकिडवा बसून राहिला. दुसरा एखादा चिडला असता. येसाजीला मात्र एकाएकी फार आनंद झाला, कारण इतक्या वर्षांत बायको गाडीबद्दल 'नको' सोडून पहिल्यांदाच काहीतरी बोलली होती. बैलाचे खूर बघणारं गिऱ्हाईक म्हणजे निम्मा सौदा झालेलं गिऱ्हाईक, हे त्याला गुरांच्या बाजारातून पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्याच दिवशी तो पोलादपूरला कुशाबाकडे गेला. कुशाबाचं हायवेवर गॅरेज होतं आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं 'कशाला?' असं एकच मत होतं.

"कॅलिपर रंगवायचाय," येसाजी म्हणाला.

कॅलिपर म्हणजे ब्रेकचा जबडा. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला तो दोन्हीकडून पकडतो आणि गाडी थांबते. पुढच्या दोन चाकांना तो असतो, चाकाच्या आत, अंधारात.

"कशाला? तो कुनाला दिसनार हाय?"

"जिला बघायचाय तिला दिसल."

कुशाबाने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि मग काही न विचारता सायलेन्सरला मारतात तसला, उष्णता सोसणारा लालभडक रंग काढून दिला. साधा रंग मारलास तर पहिल्याच उताराला जळेल, हेही सांगितलं.

मग दिवाळीपर्यंत येसाजीची दुपार गाडीखाली गेली. एकेक चाक काढायचं, गाडी ओंडक्यावर टेकवायची आणि आत शिरायचं. चिखल खरवडून काढला तो पाटीभर निघाला. भाताची रोपं त्याने परसात नेऊन लावली, उगवलेलं भात उपटून फेकायचं त्याच्या जिवावर आलं. पत्रा तारेच्या ब्रशने घासला, पॉलिश पेपरने गुळगुळीत केला, त्यावर तांबडा रेड ऑक्साइड आणि तो वाळल्यावर डांबरासारखा काळा रंग. कॅलिपर सोडवून तारेने टांगून ठेवला, घासला, आणि घासताना त्याला दिसलं की डाव्या बाजूच्या पिना गंजून घट्ट बसल्यात. म्हणून ब्रेक दाबला की गाडी हल्ली एका अंगाला ओढायची. तो रस्त्याला दोष देत होता. पिना मोकळ्या केल्या, चकतीला चिकटणाऱ्या जबड्यातल्या गाद्या, म्हणजे ब्रेकचे पॅड, नवे घातले, जुने अजून बरे होते म्हणून डब्यात ठेवले, आणि शेवटी तो लाल रंग. शिट्टी वाजवत, जीभ बाहेर काढून, जत्रेतलं खेळणं रंगवावं तसा त्याने तो लावला.

साळूबाई येता-जाता बघायची. एकदा तर चहा त्याच्या हातात न देता गाडीखाली सरकवला आणि कप परत घेताना कमानीच्या आत मान घालून आली.

पाडव्याला गुरांची शिंगं गेरूने रंगवायचा दिवस. साळूबाईने बैल रंगवले, गाई रंगवल्या, अंगावर हाताचे ठसे उठवले आणि उरलेला गेरू घेऊन गाडीपाशी आली. चाकाशी बसली. चाकाच्या भोकातून आतला लाल जबडा दिसत होता, वर काळी कमान चकचकत होती. तिने आत हात घातला, बोट फिरवलं आणि बोट बघितलं. स्वच्छ होतं.

"उद्या भाऊबीज," ती म्हणाली. "मालोजीभाऊ नाय येनार ह्या वर्षी. त्याचा पाय मोडलाय. नि माझा गुडघा डोंगर चढायचा नाय."

येसाजीने हातातली चिंधी खाली ठेवली.

"नेशाल का उमरठला?"

त्या संध्याकाळी येसाजी उगाचच दोनदा गाडीला प्रदक्षिणा घालून आला.

आता खरी गंमत पुढेच आहे. ब्रेकच्या चकतीसारख्या घासून उघड्या पडलेल्या लोखंडाचा एक स्वभाव असतो. रात्री दव पडलं की सकाळी त्यावर गंजाची पातळ तांबूस साय धरते. गाडी चार पावलं चालली की ती पुसून जाते, त्यात काळजीचं काही नाही. पण हे साळूबाईला कोण सांगणार? भाऊबीजेला पहाटे ती अंगण झाडायला आली, चाकात डोकावली, आणि चकाकणारी चकती लाल झालेली बघून केरसुणी टाकून खालीच बसली. नवऱ्याची एवढी मेहनत एका रात्रीत वाया गेली. कोयत्याला गंज चढला तर काय करतात? तेल लावतात. दिवाळीच्या अंघोळीचं वासाचं तेल वाटीत उरलं होतं. तिने काठीला चिंधी गुंडाळली आणि दोन्ही चकत्यांना, आतून-बाहेरून, मायेने तेल चोळलं. येसाजीला आयतं नवं दिसावं म्हणून बोलली नाही.

अंघोळी झाल्या. साळूबाई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली, मांडीवर करंज्यांचा डबा, डब्यावर ओवाळणीचं ताट. येसाजीने तिच्याकडे बघितलं आणि तिच्या बाजूचं दार पुन्हा एकदा ओढून बघितलं. वाडीतली माणसं कामं टाकून बघायला उभी होती. राहीबाई सगळ्यांच्या पुढे.

गाडी सुरू झाली, अंगणाच्या उतारावरून निघाली. खाली फाटकाशी येसाजीने ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. त्याने जोरात दाबला. गाडीने आवाजसुद्धा केला नाही, तुपावरून घसरावी तशी निघाली. "हळूऽऽ, हळू माझ्या राजा" करत त्याने स्टिअरिंग फिरवलं, हँडब्रेक ओढला, आणि सुमो नव्या पेंढ्याच्या उडवीत धप्पकन शिरली.

काचेवर पेंढा, बॉनेटवर पेंढा. शिंगं रंगवलेला बैल आला आणि बॉनेटवरचा पेंढा खाऊ लागला.

साळूबाईने डबा घट्ट धरला होता. एक करंजी फुटली नव्हती. तिचा चेहरा मात्र चिंचेच्या चढणीवर झाला असेल तसाच झाला होता.

येसाजी उतरला, चाकाशी वाकला. आतून वास आला, अंघोळीच्या वासाच्या तेलाचा. दिवाळीत त्याच्याच पाठीला चोळलेलं तेल ते, त्याला ओळखायला काय वेळ लागतो? सगळं त्याच्या ध्यानात आलं. आणि ध्यानात आल्यावर तो अडकला. खरं सांगावं तर सणाच्या दिवशी, सगळ्या वाडीसमोर, बायकोचं हसं. न सांगावं तर ती पुन्हा जन्मात गाडीत बसायची नाही. त्याने एकदा राहीबाईकडे पाहिलं, एकदा साळूबाईकडे.

"माझंच काय तरी चुकलं," तो म्हणाला. "पिन बसवताना."

राहीबाईने तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात साळूबाई गाडीतून उतरली. नवऱ्याच्या शेजारी वाकली, तिलाही वास आला. ती येसाजीकडे बघत राहिली. हा माणूस तीन आठवडे जिच्यासाठी चिखलात लोळला ती गाडी सगळ्यांच्या देखत खोट असलेली ठरवायला तयार झाला होता, आणि कशासाठी, तर तिला कुणी हसू नये म्हणून. ती उठून वाडीकडे वळली.

"ह्यांचं काय चुकलं नाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "तेल मी लावलं. गंजलं म्हनून. कोयत्याला लावतात तसं."

मग पहिली हसली ती साळूबाईच. पदर तोंडाला लावून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिच्या मागून सगळी वाडी.

येसाजीने चाकं काढली, चकत्या पेट्रोलने पुसून घासल्या, तेल प्यालेले नवे पॅड काढून डब्यातले जुने घातले. साळूबाई शेजारी बसून चिंध्या पुरवत होती आणि काय कशाला लावायचं नाही ते विचारून घेत होती. अंगणात फेरी मारून येसाजीने ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून बघितला. मग तिने न सांगता डबा उचलला आणि जाऊन बसली.

चिंचेच्या चढणीवर गाडी आली तेव्हा ती म्हणाली, "हितं थांबवा."

येसाजीने भर चढावर ब्रेक दाबला. गाडी उभी राहिली. ऐनाचं झाड काचेतून दिसत होतं, पूर्वीपेक्षा जाड झालेलं. साळूबाई त्याच्याकडे बघत बसून राहिली. गाडी मागे सरकली नाही, बोटभरसुद्धा नाही.

"चला आता," ती म्हणाली. "भाऊ वाट बघत असल."

उमरठला मालोजी मोडका पाय खाटेवर पसरून बसला होता. बहीण गाडीतून उतरताना बघून तो पाय विसरून उठायला लागला, तेव्हा तिनेच धावत जाऊन त्याला बसवलं.

दुसऱ्या दिवशी परतताना कापड्याच्या फाट्याला राहीबाई पाटी घेऊन उभी होती. येसाजीने गाडी थांबवली, पण हाक मारायला त्याला तोंड उघडावंच लागलं नाही. पुढच्या सीटवरून साळूबाईने दार उघडलं आणि आत सरकून जागा केली.

"बस गो, राहीबाई," ती म्हणाली. "खूर बघितल्यात मी."