रेडहेडांच्या चार मुलांमधली जागा

ग्रेनव्हिल या बेटावरल्या गावाच्या बाजारात औषधांच्या दुकानावर एक अरुंद जिना जातो. त्याच्या वरच्या टोकाला, खिडकीपाशी, लिस्ट्रा कॅलिस्ट बसते. दारावर पाटी नाही. सेंट अँड्र्यू परगण्यात कोणी वारले की फादरना आणि रेडिओला कळवून झाल्यावर लोक आपोआप हा जिना चढतात.

शाळांचे निरोप समारंभ, चर्चची रविवारची पत्रके, चिनी खाणावळीचे मेनू, सगळे ती करते. पण तिचे नाव आहे ते अंत्यविधीच्या पत्रिकांसाठी. एक कागद मधोमध दुमडायचा, चार पाने होतात. पुढे फोटो, आत प्रार्थना आणि गाणी, आणि मागच्या पानावर मागे राहिलेल्यांची यादी. पत्नी, मुले, नातवंडे, भावंडे, पुतणे-भाचे, शेजारी आणि सर्वांत शेवटी ‘जागेअभावी ज्यांची नावे देता आली नाहीत असे इतर अनेक’. फादरांचे प्रवचन सुरू झाले की अर्धे चर्च पत्रिका उलटी करून हेच पान वाचायला लागते. कोण कोणाच्या खाली आहे, कोणाचे नाव गाळले, कोण कुठल्या देशात पोचला, हे एरवी विचारता न येणारे सगळे तिथे छापलेले असते.

या पानाने लिस्ट्राला सुरुवातीलाच चांगले पोळले होते. सेंट जॉर्जेसच्या ज्या छापखान्यात ती शिकली, त्याचे छप्पर वादळात उडाले आणि मालकाने पुन्हा घातलेच नाही. मग तिने एक जुना संगणक घेऊन इथे बस्तान मांडले. त्या काळात दोन ओळींमध्ये अंतर हवे असले की ती सरळ एंटर मारायची. साध्या मजकुरात ते खपून जाते. पण टिंबे लावलेल्या यादीत एंटर मारला की नव्या ओळीपुढे टिंब आपसूक उगवते. एका कोळ्याच्या पत्रिकेत मुलांची पाच नावे आणि त्याखाली एक नुसतेच टिंब छापून गेले. चर्चमधून लोक बाहेर पडले ते एकच प्रश्न घेऊन, हा सहावा कोणाचा? अंधार पडेपर्यंत गावाने त्या टिंबाला आईसुद्धा शोधून दिली होती. ती बाई कपडे शिवायची, निर्दोष होती, आणि पुढची कितीतरी वर्षे लिस्ट्राला पाहिले की रस्ता ओलांडायची.

तेव्हापासून लिस्ट्रा रिकामी ओळ म्हणून सोडत नाही. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक परिच्छेदाला वर किती आणि खाली किती जागा हवी ते आकड्यांत सांगता येते. यादीतले प्रत्येक नाव म्हणजे एक परिच्छेद. ‘मुले’ या शीर्षकाच्या वर भरपूर जागा, खाली किंचित. नावांना वर-खाली शून्य, म्हणजे ती एकमेकांना धरून उभी राहतात. कोणी जागा मागितली तर ती नुसती मध्ये ठेवता येत नाही. वरच्याच्या किंवा खालच्याच्या नावावर चढवावी लागते, जमिनीसारखी.

थिओफिलस रेडहेड वारले तेव्हा मजकूर घेऊन अनेला आली. रेडहेड पावाची गाडी चालवायचे. सगळा परगणा त्यांना ‘ब्रेक्स’ म्हणायचा, कारण त्यांच्या गाडीला ते कधी लागल्याचे कोणी पाहिले नव्हते. अनेला त्यांची मुलगी, पण त्यांच्या बायकोची नव्हे. हे काही गुपित नव्हते. ‘बाहेरची’ हा शब्द तिने शाळेच्या मैदानावरच ऐकून पचवला होता. तीन भावंडे परदेशी गेली आणि म्हाताऱ्याचे पाय गेले, तेव्हापासून त्यांना उचलणे, आंघोळ घालणे, भरवणे तिच्याकडे होते. आता फोटो आणि यादीही तिनेच आणली होती.

“नावं तपासून घे,” लिस्ट्रा म्हणाली.

“तपासली. कार्लटन ब्रुकलिन, ज्युडिथ टोरांटो, डेझमंड हडर्सफील्ड, अनेला इथलंच मिराबो.”

“आख्ख्या जगात तूच घरी राहिलीस की.”

“कोणीतरी घरी असायला नको का? विमानतळावरून आणायला कोण जाणार त्यांना?”

लिस्ट्राने पाने मांडली आणि फाइल सगळ्या भावंडांना पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती टेबलावरच पुरीसारखे तळलेले बेक आणि खारा मासा खात होती, तेव्हा थोरल्या कार्लटनचा फोन आला. दोघे एका वर्गात होते.

“लिस्, छान झालीय ग पत्रिका. एकच गोष्ट. मुलांची यादी.”

“नाव चुकलं का कोणाचं?”

“नावं बरोबर आहेत. डेझमंड आणि अनेलाच्या मध्ये जरा जागा सोड.”

“किती?”

“थोडी. आख्खी ओळ नको. आणि वेगळं शीर्षकबिर्षक देऊ नकोस, वाईट दिसतं ते.”

“म्हणजे दिसायला हवं, पण वाईट दिसायला नको.”

“तुझी जीभ शाळेत होती तश्शीच आहे.”

“रेडिओवर काल चारही नावं एका दमात वाचली, कार्लटन. कोणी मेलं नाही.”

“रेडिओवर जागा ऐकू येत नाही. कागदावर दिसते. मम्मीला पुढच्या बाकावर बसायचंय, सगळ्यांचे डोळे तिच्यावर असणार. तिच्यासाठी सांगतोय मी.”

लिस्ट्राने अनेलाच्या नावावर वरच्या बाजूला नऊ पॉइंट, म्हणजे ओळीपेक्षा थोडी कमी, जागा चढवली. कामाला वेळ लागत नाही, आकडा टाकायचा आणि बघायचे. तीन नावे चिकटून उभी राहिली आणि चौथे खाली घसरले, बस चुकलेल्या माणसासारखे.

अशा जागा तिने पूर्वीही सोडल्या होत्या. घरच्यांचे पान, घरचे सांगतील तसे, हे तिचे धोरण. एका गृहस्थाच्या पत्रिकेत तर तिने ‘पत्नी’ या शीर्षकाखाली दोन टिंबे दिली होती आणि वर मान करून पाहिलेही नव्हते. पण तिचा दुसरा नियम असा की छापण्यापूर्वी कागदावरच्या प्रुफावर सही हवी, आणि ती मजकूर आणणाऱ्याची. म्हणजे अनेलाची. ज्या माणसाला खाली सरकवले, त्याच्याच हातात पेन देऊन ‘बरोबर आहे ना, कर सही’ म्हणायचे, हे तिच्यावर आजवर आले नव्हते.

प्रूफ छापून तिने पालथे ठेवले. अनेला चारला येणार होती. जागा काढून टाकावी, तर थोरल्या मुलाचा शब्द मोडतो. ठेवावी, तर अनेला काही न बोलता सही करील, याची तिला खात्री होती. तेच तिला नको होते. शेवटी तिने अनेलाला उद्या ये म्हणून कळवले आणि रेडहेडांच्या बायकोला, सगळ्यांच्या तांतीला म्हणजे मावशीला, आयोनीला फोन लावला. आयोनीने अनेलाला सावत्र आईसारखे छळले नव्हते आणि आईसारखे जवळही घेतले नव्हते. ती ‘राहू दे जागा’ म्हणाली असती तर तिच्या वर विचारायला कोणीच उरले नसते.

तांती आयोनी टोपी घालून आली. जिन्यावरूनच तिचा आवाज ऐकू आला.

“हा जिना माणसांसाठी बांधलाय का बकऱ्यांसाठी?”

“सावकाश या, तांती.”

“सावकाशच येतेय. घाई असलेला गेला पुढे.” ती खुर्चीत बसली, दम खाल्ला, चष्मा लावला. “हा फोटो कोणी निवडला? यात खोटं हसतोय तो.”

“अनेलाने.”

“मग बरोबर आहे. तो असाच हसायचा.”

तिने पान उलटले. बोट एकेका नावावरून खाली उतरत गेले आणि डेझमंडच्या खाली थांबले.

“इथे पायरी कसली?”

“कार्लटननं सांगितली. तुमच्यासाठी म्हणाला.”

“माझ्यासाठी!” तिने चष्मा काढला. “मला सांग, हे वाचणारा काय समजेल? ही सगळ्यांत शेवटी, वर फट. म्हणजे डेझमंडच्या पाठची. म्हणजे चर्चमध्ये अंगठी घालून, मी घरात चुलीपाशी उभी असताना हा बाहेर गेला. असंच ना?”

“तसं समजू शकतात लोक.”

“समजू शकतात? ती शेजारची युजिनी दुसऱ्या बाकावरून मोठ्यानं म्हणेल! अगं, ही पोरगी आली तेव्हा मी त्रिनिदादला लोकांची भांडी घासत होते. कार्लटन रांगत होता, माझ्या आईकडे. लग्नबिग्न काही नव्हतं. परत आले, हिला बघितलं, आणि ब्रेक्सला आख्खा पावसाळा अंगणात झोपवला. मग लग्न केलं. लग्नानंतर तो माणूस सरळ वागला, मरेपर्यंत. ते मी कमावलंय. माझ्या पोरानं ते एका फटीत घालवायचं?”

“मग कसं लावू?”

“वयानं लाव. जशी आली तशी. कार्लटन, मग ती, मग ज्युडिथ, मग डेझमंड.” तिने लिस्ट्राकडे रोखून पाहिले. “आणि मला तिचा उमाळा आलाय असं समजू नकोस. भाताचा लगदा करते ती.”

लिस्ट्राने अनेलाची ओळ उचलली आणि कार्लटनच्या खाली टाकली. तांतीचे बोलणे चालूच होते, त्या नादात ती जागा आधी काढायचे राहून गेले. अनेलाच्या नावावर चढवलेले नऊ पॉइंट तिच्याबरोबर वर आले. पडद्यावर आता कार्लटन एकटाच टोकाला उभा होता. मग मोकळी जागा. मग अनेला, ज्युडिथ, डेझमंड, एकमेकांना धरून.

तांती आयोनी पुढे झुकली. तिचे खांदे हलायला लागले. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती.

“अगं बाई! हा तर मला रस्त्यात सापडल्यासारखा दिसतोय!”

“जागा तिच्या नावावर आहे, ती जाईल तिथे जाते. थांबा, काढते.”

“हात लावू नकोस. फोटो काढ याचा. पाठव त्याला.”

“काय लिहू?”

“लिही, मम्मीनं वयानं लावून घेतलं. तू सांगितलेली जागा ठेवलीय.”

लिस्ट्राने तसेच लिहिले. फोन यायला फार वेळ लागला नाही. तिने तो दोघींना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

“लिस्, हे काय केलंस? मी एकटा का वर?”

“एकटा कुठे?” आई म्हणाली. “सगळे आहेत की खाली.”

“मम्मी? तू तिथे आहेस? अगं, लोक वाचतील हे. लोकांना वाटेल मीच...”

“काय वाटेल? बोल की.”

पलीकडे ब्रुकलिनच्या रस्त्यावरचा भोंगा वाजून गेला.

“लिस्, जवळ घे ते.”

“किती?”

“पूर्ण. जागाच नको.”

“नक्की? नंतर फोन नको मला.”

“नको म्हटलं ना!”

“जेवलास का?” आईने विचारले. तो नाही म्हणाला. तिने त्याला त्यावरून वेगळे ऐकवले.

लिस्ट्राने नवाचे शून्य केले, नवे प्रूफ काढले. अनेलाऐवजी तांती आयोनीनेच त्यावर एकेक अक्षर सुटे लिहून सही केली आणि जिन्याला नावे ठेवत उतरून गेली.

शुक्रवारी अनेला छापलेल्या पत्रिका न्यायला आली. खोक्यातली एक काढून तिने आधी मागचे पान पाहिले. बराच वेळ पाहिले.

“मला वर कोणी नेलं?”

“तांती आयोनीनं. वयानं लावायला सांगितलं.”

“ज्युडिथच्या वर?”

“ज्युडिथ तुझ्यानंतरची.”

“ते मला माहितीय. ज्युडिथला माहितीय का?” तिने पत्रिका दुमडली, पुन्हा उघडली. “आता शवपेटीमागून याच क्रमानं चालायचं, याच क्रमानं बसायचं.”

“दुसरी तू.”

“पंचाईत झाली. मी मुद्दाम शेवटी घातलं होतं स्वतःला. शेवटचं गाणं लागलं की कडेनं निघून घरी जाता येतं. नारळाच्या दुधातल्या नीरफणसाचं, ऑइल डाउनचं भांडं चुलीवर असणार, एवढी माणसं जेवायला. आता कार्लटनच्या शेजारून उठून कशी जाऊ मी?”

“दुसऱ्या कोणाला तरी बसव भांड्याजवळ.”

“कोणाला? सगळे पाहुणेच.”

तिने यादीवर पुन्हा नजर टाकली, अगदी शेवटच्या नावापर्यंत. मग खोके एका काखेत मारले, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला आणि जिना उतरायला लागली. लिस्ट्राला अर्ध्या जिन्यावरून तिचा आवाज ऐकू आला.

“डेझमंड? उतरलास का रे विमानातून? बरं. मला सांग, नीरफणस सोलता येतो का तुला?”