कारल्याच्या वेलाची गाठ

परसातला वाफा खणताना गेल्या वर्षी कारल्याचा वेल बांधलेला दोरा कुदळीत अडकून वर आला. मातीत कुजणाऱ्या प्लास्टिकचा म्हणून मुद्दाम आणलेला. त्याआधीचा दोरा उन्हाने तुटायचा आणि कारली जमिनीवर लोळायची. आम्हीच कुरकुर केली, तेव्हा दुकानदार म्हणाला, "हा न्या. यात ऊन सोसायला काहीतरी मिसळलंय."

मी दोरा ओढून पाहिला, तुटेना. उन्हाला न बधणारा हा मातीलाही बधला नव्हता. गरज असेतो टिकावं आणि मग गुपचूप नाहीसं व्हावं, असं आपण कशाकशाकडून मागत असतो.

"धुऊन ठेवा, यंदा दोडक्याला होईल," बायको म्हणाली.

मी माती झटकली. वेलाभोवती मारलेली गाठ तशीच घट्ट होती. आत वेल नव्हता.